क्रेडिट, हजेरी आणि वर्गातली शिस्त: बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पदवीच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

मी पदवी कॉलेजात मराठी शिकवतो आणि मधल्या सुट्टीत मदत कक्षात बसतो. प्रवेशाच्या दिवसांत मुलं हसत येतात, परीक्षेच्या तोंडावर तीच मुलं रडवेली होऊन येतात, आणि दोन्ही वेळेला प्रश्न तेच असतात. खाली ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. शॉर्टेजच्या, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या, यादीत ज्यांची नावं लागतात, त्यांतली उनाड मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांना हिशेब कुणी सांगितलेला नसतो, नाहीतर बोर्डावरची नोटीस त्यांनी वाचलेली नसते.

क्रेडिट म्हणजे काय? मार्क असताना हे आणखी कशाला?

क्रेडिट हे माप आहे, मार्क म्हणजे त्या मापातला माल कसा आहे ते. आठवड्याला एक तास शिकवणं, असं सेमिस्टरभर चाललं की एक क्रेडिट होतं. प्रॅक्टिकलला त्याच एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास लागतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, हिशेबाने एका क्रेडिटमागे वर्गातले 15 तास, प्रॅक्टिकलचे 30. म्हणजे चार क्रेडिटचा विषय साधारण 60 तासांचा.

क्रेडिट अर्धं मिळत नाही. पास झालात की पूर्ण, नापास झालात की शून्य. काठावर पास झालेल्यालाही चार आणि वर्गात पहिल्या आलेल्यालाही चारच. दोघांतला फरक ग्रेड पॉइंटमध्ये दिसतो. समजा पाच क्रेडिटच्या विषयात 8 पॉइंट, तीनच्या विषयात 6 आणि दोनच्या विषयात 9 मिळाले. गुणाकार करा: 40, 18, 18. बेरीज 76, भागिले एकूण 10 क्रेडिट, एसजीपीए (सेमिस्टरची सरासरी) 7.6. आता पहिल्या दोन विषयांचे पॉइंट उलटे करून बघा, मोठ्यात 6 आणि मधल्यात 8. उत्तर 7.2 येतं. अभ्यास तेवढाच, पण चुकीच्या विषयावर झाला. मोठ्या क्रेडिटचा विषय कुठला हे पहिल्या आठवड्यातच स्कीम, म्हणजे अभ्यासक्रमाचा आराखडा, उघडून बघावं, ते यासाठी.

सर, 75 टक्के हजेरी म्हणजे सगळे विषय मिळून ना?

नाही. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयाची वेगळी लागते. या पानावरचं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

खानापूरहून रेल्वेचा पास काढून येणारी एक मुलगी होती. लोंढ्याकडून येणारी सकाळची गाडी कधी वेळेवर, कधी अर्धा तास उशिरा. तिचा पहिला तास आठवड्यातून दोनदा एकाच विषयाचा होता आणि ते दोन्ही तास तिचे बुडायचे. बाकी सगळे तास ती नियमाने बसायची. आता आकडे मांडू. सहा विषय, प्रत्येकी आठवड्याला चार तास, म्हणजे आठवड्याला 24 आणि पंधरा आठवड्यांचे 360. तिचे बुडाले 30. एकूण हजेरी जवळजवळ 92 टक्के, कुणीही पाठ थोपटावी अशी. पण ते तीसच्या तीस तास एकाच विषयाचे होते आणि त्या विषयाचे एकूण तास 60. तिथे हजेरी पन्नास टक्के. यादीत नाव आलं तेव्हा ती मला म्हणाली, "सर, मी तर रोज येत होते की." खरंच रोज येत होती.

पहिल्या पंधरवड्यात येऊन सांगितलं असतं तर काही करता आलं असतं: वेळापत्रकात तास मागे-पुढे करणं, दुसऱ्या तुकडीत बसायची परवानगी. सगळी कॉलेजं हे करतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणीच करत नाही.

मग किती तास बुडवले तर चालतं?

प्रश्नच चुकीच्या बाजूने आलाय, तरी सांगतो. साठ तासांच्या विषयात 75 टक्के म्हणजे 45, बुडवायला 15. पण हे पंधरा तास आधीच खर्चून बसू नका. जुलैत खानापूर तालुक्यात भाताची रोप लावण असते, आणि घरात माणसं कमी असली की मुलाला थांबावंच लागतं हे मला कळतं, मीही शेतकऱ्याच्या घरातला आहे. दहा दिवस लावणीत गेले तर चार तासांच्या विषयाचे सहा-सात तास गेले. पुढे गणपतीत दोन-तीन, दिवाळीला जोडून दोन, सुगीत पुन्हा चार. एवढ्यात पंधरा संपले, आणि ताप यायचा अजून बाकी आहे.

अर्धं सेमिस्टर झालं आणि माझी हजेरी 60 टक्के आहे. भरून निघेल?

अर्ध्यावर असाल तर निघेल. साठांपैकी 30 तास झाले, तुम्ही 18 बसलात. पाहिजेत 45, म्हणजे उरलेल्या तिसांपैकी 27 बसायचे. अवघड आहे, पण होतं.

हाच साठ टक्क्यांचा आकडा 40 तास झाल्यावर असला तर खेळ संपलेला असतो. तुम्ही 24 बसलात, राहिले 20, सगळेच्या सगळे बसलात तरी 44. एक तास कमी पडतो. 'एक तास तर आहे, सर बघतील की,' असं म्हणत येणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांना मी हेच सांगतो की त्या एका तासाला रजिस्टरमध्ये जागा नाही. आमचं रजिस्टर दर महिन्याला वर जातं. मागच्या तारखेच्या चौकोनात गैरहजेरीच्या 'ए'चा हजेरीचा 'पी' केला तर शाईवरून कळतं, आणि तो करणाऱ्या लेक्चररवरच चौकशी बसते.

इंजिनिअरिंगला किती लागते?

85 टक्के, तीही विषयवार. 1998 पासून आपल्या बेळगावात असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा, म्हणजे व्हीटीयूचा, हा नियम आहे. योग्य कारण असेल तर दहा टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, म्हणजे तळ 75. तीन क्रेडिटचा विषय तिथे 40 तासांचा धरतात. त्याचे 85 टक्के 34. बुडवायला सहा. एक आठवडा आजारी पडलात की तीन-चार गेले.

तिथे पास होण्याचा हिशेबही दुहेरी आहे. इंटर्नलच्या, म्हणजे सेमिस्टरभर कॉलेजातच मिळणाऱ्या मार्कांच्या, 50 पैकी किमान 20 पाहिजेत, ते नसतील तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. परीक्षेत किमान 35 टक्के आणि दोन्ही मिळून 40. 'इंटर्नल कमी आहे, फायनलला भरून काढतो' हे बी.ए.-बी.कॉम.च्या मित्राचं ऐकून इंजिनिअरिंगच्या मुलाने म्हणू नये. शिवाय पदवी हातात पडण्याआधी एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचे, 100 अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंटही जमवावे लागतात. ते क्रेडिटमध्ये धरत नाहीत, पण ते नसले तर पदवी अडते. शेवटच्या सेमिस्टरला गावातल्या शाळेत झाडं लावत फोटो काढणारी मुलं दिसतात ना, ती यासाठी.

मेडिकल सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते?

लागत नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की पालकसुद्धा वाद घालतात. सर्टिफिकेटमुळे गैरहजेरीची हजेरी होत नाही. शॉर्टेज माफ करा अशी विनंती करायला ते कारण म्हणून जोडायचं असतं. माफ किती करायचं, कोणी करायचं हे विद्यापीठाच्या नियमात ठरलेलं असतं. प्राचार्य शिफारस करतात, हजेरी छापत नाहीत.

आणि तारीख बघा. बरे होऊन आल्यावर त्याच आठवड्यात दिलेला कागद आणि शॉर्टेजची यादी लागल्यावर दुसऱ्या दिवशी आलेला कागद, दोन्हींना एकच वजन नसतं. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, लॅबचा रिपोर्ट यांच्या झेरॉक्स ठेवा. गावातल्या डॉक्टरांनी कोऱ्या लेटरहेडवर 'तापाने आजारी' एवढंच लिहून दिलेलं तर आम्ही शेकड्याने बघतो.

बंद होता, बस नव्हती. त्या दिवसाचं काय?

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा महाराष्ट्र-कर्नाटक बससेवा बंद ठेवली गेली होती, आणि चंदगड, गडहिंग्लज, कागलकडून येणारी-जाणारी मुलं अडकली होती.

हिशेब असा: जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली तर तास झालेच नाहीत, म्हणून ते एकूण आकड्यात धरत नाहीत, तुमचं नुकसान शून्य. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडे धो धो लागला की खानापूर तालुक्यापुरती सुट्टी जाहीर होते, आणि इथे घोळ होतो. कॉलेज बेळगावात असेल तर ते चालूच असतं, तुमच्या घरापुढचा नाला मात्र पुलावरून वाहत असतो. अशा वेळी ग्रामपंचायतीचं किंवा गावच्या तलाठ्याचं दोन ओळींचं पत्र आणा आणि त्याच आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्या. आपोआप काही होत नाही, पण माफीच्या अर्जाला जोडायला तारखेचा कागद हाताशी राहतो.

बसच्या गर्दीबद्दल मुली बोलतात. 11 जून 2023 ला शक्ती योजना सुरू झाल्यापासून तिकीट वाचतं, पण सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि मधल्या स्टॉपला गाडी थांबतच नाही. तक्रार खरी आहे. पण 'बस भरून गेली' हे कारण रजिस्टरमध्ये लिहायला रकाना नाही. काही गावांतल्या मुलांनी मिळून डेपो मॅनेजरला अर्ज दिले आणि जादा गाडी सुरू करून घेतली. एकट्याच्या अर्जाला तिथे कुणी विचारत नाही, वीस सह्या लागतात.

शॉर्टेज आणि बॅक एकच ना? दोन्हीत विषय राहतो.

विषय राहतो, पण राहण्याची तऱ्हा वेगळी. बॅक म्हणजे तुम्ही तास बसलात, परीक्षा दिलीत, नापास झालात. तुमचे इंटर्नलचे मार्क शाबूत राहतात, पुढच्या वेळी फी भरून नुसता पेपर द्यायचा. शॉर्टेज म्हणजे त्या पेपरला बसायचा हक्कच गेला. तो विषय पुन्हा जेव्हा शिकवला जाईल तेव्हा, बहुधा एक वर्षाने, ज्युनियर मुलांबरोबर वर्गात बसून हजेरी पूर्ण करायची आणि मग परीक्षा. म्हणून मी म्हणतो, नापास होणं परवडलं. अभ्यास झाला नाही म्हणून लाजेने वर्गात न येणारी मुलं मला सगळ्यात जास्त त्रास देतात. येऊन मागच्या बाकावर बसा, काही कळलं नाही तरी चालेल, पण बसा.

इंटर्नलचे मार्क कमी पडले. सुधारून मिळतील?

आपल्याकडे साधारणपणे नाही. परीक्षा पुन्हा देता येते, इंटर्नल पुन्हा होत नाही. टेस्ट, असाइनमेंट, सेमिनार यांच्या तारखा सांभाळा. मार्क विद्यापीठाच्या पोर्टलवर, म्हणजे यूयूसीएमएसवर, चढवायच्या आधी बहुतेक कॉलेजं यादी लावतात आणि सही घेतात. सही करताना आकडा बघून करा. सही करून झाल्यावर 'माझे 14 होते, 4 पडलेत' म्हणत आलेल्या मुलाला काय सांगायचं? चूक आमचीच असते कधी कधी, पण एकदा पोर्टलवर कुलूप पडलं की ती दुरुस्त करायला विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

एनएसएसचा कॅम्प, एनसीसी, खेळ यांत तास गेले तर?

'ओडी' मिळते, म्हणजे कॉलेजच्या कामावर होता असं धरतात. अट एकच, जाण्याआधी प्राचार्यांची सही. एनएसएसमध्ये दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. शिबिराची यादी अधिकारी स्वतः देतात, ती प्रत्येक विषयाच्या सरांपर्यंत पोचली का, हे मात्र तुम्हीच बघायचं. कुस्तीला, कबड्डीला गावाकडून खेळायला गेलात तर ओडी नाही, कॉलेजच्या संघातून गेलात तरच.

डिग्री आता तीन वर्षांची की चार?

सीमेच्या कुठल्या बाजूला शिकता त्यावर. कर्नाटकाने 2021-22 पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांचा आराखडा आणला, आणि प्रा. सुखदेव थोरात आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी केली. मधल्या तीन तुकड्या त्या नव्या धोरणाच्याच स्कीमवर पुढे गेल्या. महाराष्ट्रात नेमकं उलट, 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवं धोरण लागू झालं. तिथे सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट असतात, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स.

याची गंमत बघायची तर निपाणीला जा. गाव कर्नाटकात आणि अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. एकाच गल्लीतली दोन पोरं सकाळी सायकली काढतात, एक अर्जुननगरला जातो, दुसरा निपाणीतल्याच कॉलेजला. एकाची मार्कलिस्ट कोल्हापूरहून येते, दुसऱ्याची बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून. क्रेडिट, विषयांची नावं, पेपरची तारीख काहीही जुळत नाही. म्हणून गल्लीतल्या दादाचं ऐकून फॉर्म भरू नका. त्या दादाचं विद्यापीठ कुठलं, त्याची तुकडी कुठल्या वर्षाची, ते आधी विचारा.

आणि जुने लोक अजून 'धारवाड विद्यापीठ' म्हणतात. ते 2010 च्या आधीचं. राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यापासून इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली राहिली नाहीत. 2010 आधीच्या मार्कलिस्टची नक्कल हवी असेल तर मात्र धारवाडची वाट.

पहिलं वर्ष बेळगावात केलं, आता कोल्हापूरला जायचंय. क्रेडिट बरोबर नेता येतात?

कागदावर येतात. यूजीसीने 2021 मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची योजना आणली. तुमचे क्रेडिट तिथे खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. पण बँकेत पैसे असले म्हणून दुकानदाराने माल दिलाच पाहिजे असं थोडंच आहे? समोरचं विद्यापीठ अभ्यासक्रम ताडून बघतं: तुमचा विषय त्यांच्या विषयाशी जुळतो का, क्रेडिट तेवढेच आहेत का. जुळत नसेल तर तो विषय तिथे पुन्हा करायचा. शिवाय मायग्रेशन सर्टिफिकेट, टीसी, एलिजिबिलिटी, आणि मुळात तिकडे दुसऱ्या वर्षाला जागा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षानंतर पूल ओलांडू नका, पदवी पुरी करून एम.ए., एम.कॉम.ला जा.

इंजिनिअरिंगसाठी महाराष्ट्रात जायचं असेल तर तो रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'टाइप ई' नावाचा प्रकार आहे. त्यासाठी तिथे राहत असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो, आणि ते दाखले मिळायला वेळ लागतो. बारावीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांच्या हाती बहुधा दुसरी फेरी लागते.

अपार आयडी काढताना 'नाव जुळत नाही' असं येतंय.

बेळगावचा राष्ट्रीय आजार. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, कार्डावर स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आडनाव. आधारवर वडिलांचं नुसतं आद्याक्षर. शाळेच्या दाखल्यावर गावाचं नाव आडनावासारखं लागलेलं. वर कन्नडमधून इंग्रजीत उतरवताना कारकुनाने एक अक्षर वाढवलेलं. अपारचा, म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळखीचा, बारा अंकी नंबर आणि क्रेडिट बँकेचं खातं या नावावरच उघडतं, म्हणून एक अक्षर चुकलं तरी क्रेडिट लटकतात. एसएसएलसीचं कार्ड मूळ धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या, उलट करायला जाऊ नका. दहावीचं कार्ड बदलणं म्हणजे बेंगळूरच्या खेपा.

स्वयमचा ऑनलाइन कोर्स केला तर क्रेडिट मिळतं?

मिळू शकतं. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल. यूजीसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे एका सेमिस्टरमधल्या 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. पण आधी आपल्या विभागाची लेखी परवानगी घ्या, मग नाव नोंदवा. व्हिडिओ बघून मिळालेलं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही, प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा लागते.

कन्नडचा पेपर द्यावाच लागतो का? मी मराठी माध्यमातून आलोय.

व्हीटीयूत एक क्रेडिटचा कन्नडचा पेपर आहे आणि त्याचे दोन प्रकार. कन्नड येणाऱ्यांना 'सांस्कृतिक कन्नड', न येणाऱ्यांना 'बळके कन्नड', म्हणजे वापरापुरतं. आपली मुलं इथे गोंधळतात. शाळेत कन्नड विषय होता, बाजारात भाव करण्यापुरतं येतं, रविवार पेठेत हमालाशी बोलता येतं, पण कविता वाचून उत्तर लिहायला बसवलं तर घाम फुटतो. अशांनी फुशारकी न मारता 'बळके' घ्यावं. आणि एकच क्रेडिट आहे म्हणून सोडून देऊ नये. एका क्रेडिटसाठी पदवी अडलेले इंजिनिअर आहेत.

बी.ए., बी.कॉम.ला मराठी हा भाषा विषय घेता येतो, जिथे कॉलेजात शिक्षक आहेत तिथे. फॉर्म भरताना समोरच्याने घाईने दुसऱ्या भाषेवर टिक केली तर तिथेच थांबवा. महिन्याने बदलून मिळत नाही, आणि मराठीच्या वर्गातली संख्या घटली की पुढे ती तुकडीच बंद होते. हे मी मराठीचा मास्तर म्हणून बोलतोय, पण खरं आहे.

नोटीस कन्नडमध्ये असते. आम्हाला कशी कळणार?

इंग्रजी प्रत मागा, ती असते. पण बोर्डासमोर उभं राहून दोन मिनिटांत अंदाज यायला पाच शब्द पुरतात. 'हाजराती' म्हणजे हजेरी. 'कोनेय दिनांक' म्हणजे शेवटची तारीख. 'कड्डाय' दिसलं तर सक्तीचं आहे. 'रजे' म्हणजे सुट्टी, आणि 'फलितांश' म्हणजे निकाल. यांतला 'कोनेय दिनांक' आणि त्याच्यापुढचा आकडा ओळखता आला तरी निम्मे दंड वाचतात. नोटिशीचा फोटो काढून ग्रुपवर टाका, बाजूला मराठीत एक ओळ लिहा. वर्गात असं करणारा एक जण लागतो, बाकीचे त्याला दुवा देतात.

पाच मिनिटं उशीर झाला तर सर आत घेत नाहीत. असा नियम आहे का?

लिहिलेला असो नसो, वर्ग त्या शिक्षकाचा असतो. काही जण हजेरी सुरुवातीला घेतात, काही शेवटी. रोजच्या गाडीमुळे उशीर होत असेल तर एकदा भेटून पास दाखवा. मी तरी दाराशी उभ्या मुलाला 'ये आत, बस' म्हणतो, फक्त दार आपटू नये.

मोबाइल, प्रॉक्सी, लेक्चर रेकॉर्ड करणं?

मोबाइल बॅगेत, आवाज बंद. विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नये, शिक्षकाचा आवाज गावभर फिरवायची परवानगी तुम्हाला कुणी दिलेली नसते. प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्याची हजेरी, लावणारा आणि लावून घेणारा, दोघेही सापडतात. साठ मुलांच्या वर्गात आवाज ओळखू येत नाही असं तुम्हाला वाटतं. मला येतो.

दोस्तांशी मराठीत बोललो म्हणून कुणी अडवलं तर?

मित्राशी कुठल्या भाषेत बोलायचं याचा शिस्तीच्या नियमांशी काही संबंध नाही. शिवीगाळ, हाणामारी, धमकी याचा आहे, आणि ती कुठल्याही भाषेत केली तरी तेवढीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, राज्योत्सव आणि काळ्या दिवसाच्या वेळी, दोन्हीकडची पोरं स्टेटस टाकतात आणि वाद वर्गात येतो. त्या दिवसांत कुणी डिवचलं तर तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून प्राचार्यांकडे द्या. भांडण झाल्यावर सुरुवात कुणी केली हे कुणी विचारत नाही, दोघांच्याही पालकांना बोलावणं जातं.

परीक्षेत मोबाइल बंद करून खिशात होता, तरी मालप्रॅक्टिस केस केली.

करतात. चालू होता की बंद, याने फरक पडत नाही, हॉलमध्ये जवळ होता एवढं पुरतं. स्क्वॉडने कागद लिहून घेतला तर रागाच्या भरात काहीही लिहू नका, घडलं तेवढंच लिहा. पुढे विद्यापीठाची समिती बोलावते, तिथे हजर राहा. न जाणाऱ्याचा निकाल त्याच्या विरोधात लागतो. तळहातावर लिहिलेलं सूत्र, पट्टीच्या मागे पेन्सिलीने खरडलेली सनावळी, सगळं याच खात्यात जमा होतं.

परीक्षेचंच आणखी एक: अपंग मुलांना लेखनिक आणि तासामागे किमान 20 मिनिटं जादा मिळतात. अर्ज परीक्षेच्या दिवशी नव्हे, फॉर्म भरताना करायचा.

रॅगिंग झालं तर कुणाला सांगायचं?

1800-180-5522, चोवीस तास, फुकट. हॉस्टेलच्या मुलांनी आजच सेव्ह करून ठेवा.

हजेरी चुकीची लागली, कुणी ऐकत नाही. पुढे काय?

आधी विषयाचे शिक्षक, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य. तिथे दाद लागली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी, तिने साधारण 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथला निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. तोंडी तक्रारीला यातल्या कुठल्याही पायरीवर किंमत नाही. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकावर आवक नंबर आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला खिडकीवर टाळाटाळ करतील, "उद्या या" म्हणतील. उद्या जा, पण शिक्का घेऊनच या.

पालकांना घरबसल्या हजेरी कळते का?

काही कॉलेजं मेसेज पाठवतात. पण प्रवेशाच्या फॉर्मवर पालकांचा म्हणून दिलेला नंबर बहुतेक वेळा पोराचाच दुसरा नंबर असतो. परवा जांबोटीकडचे एक काका आले होते, डोक्यावर इरलं नाही पण अंगावर तसाच पाऊस घेऊन. मुलाचं हॉल तिकीट अडकलं होतं. आम्ही चार मेसेज पाठवले होते, चारही पोचल्याची खूण होती. त्यांनी खिशातून साधा बटणाचा फोन काढला, म्हणाले, "ह्याच्यावर तर काय बी आलं न्हाई, मास्तर." फॉर्म काढून नंबर वाचून दाखवला. ते गप्प झाले, मग म्हणाले, "ह्यो नंबर माझा न्हवं." त्यांचा खरा नंबर मी पेनने त्यांच्यासमोर लिहून घेतला.

तर येताना फॉर्मची पावती आणि तुमचा फोन, दोन्ही आणा. मधल्या सुट्टीत मी कक्षात असतो.